भिंतीला टेकलेला सोफा आणि नऊ चॅनेलचा रिसीव्हर: नाशिकमधील एका घराचे प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका कुटुंबाने दिवाणखान्यात होम थिएटर बसवायचे ठरवले, तेव्हा घराच्या नूतनीकरणाचे काम आधीच सुरू झालेले होते. कुटुंबप्रमुख सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात उत्पादन विभाग सांभाळतात, त्यांच्या पत्नी शिक्षिका आहेत, मुलगा पुण्यात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात आहे आणि घरात सत्तरी ओलांडलेल्या आजी आहेत. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. खोलीची मापे आणि निर्णय ज्या क्रमाने झाले तो क्रम मात्र तसाच ठेवला आहे, कारण या प्रकरणात क्रमालाच सर्वाधिक महत्त्व आहे.

दिवाणखाना १८ फूट लांब आणि साडेअकरा फूट रुंद असून स्लॅबची उंची साडेनऊ फूट आहे. शहरातील बहुतेक फ्लॅटमध्ये असते तशीच येथील मांडणी होती: एका लांब भिंतीवर टीव्ही आणि समोरच्या लांब भिंतीला टेकवलेला तीन जणांचा सोफा. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या एका हाताला बाल्कनीचे सरकते काचेचे दार येते, तर दुसऱ्या हाताला भिंतच नाही, तिकडे जेवणाची जागा आणि पुढे स्वयंपाकघर आहे. जमिनीवर व्हिट्रिफाइड फरशी आहे. टीव्ही ५५ इंची, फोर-के आणि काही वर्षांपूर्वी घेतलेला होता आणि तो बदलायचा नाही, हे सर्वांना मान्य होते.

रिसीव्हर (टीव्ही, कन्सोल यांचा ध्वनी घेऊन स्पीकर चालवणारा संच), स्पीकर, सबवूफर (खर्जाच्या स्वरांचा वेगळा स्पीकर) आणि वायर मिळून दोन लाख रुपयांची मर्यादा ठरली होती. माझ्याकडे सल्ल्यासाठी हे कुटुंब आले ते मात्र एकाच प्रश्नासह: ‘कोणता रिसीव्हर घ्यावा?’ त्यांच्या वहीत सहा मॉडेलची नावे आणि प्रत्येकापुढे वॅट, चॅनेल (किती स्पीकर स्वतंत्रपणे चालवता येतात तो आकडा) व किंमत असे तीन रकाने होते. खोलीविषयी त्या वहीत एक ओळही नव्हती.

अडचण नेमकी कोणती होती

घरातील चौघांच्या अपेक्षा वेगवेगळ्या होत्या आणि त्या एकत्र बसून कधीच बोलल्या गेल्या नव्हत्या. वडिलांना नऊ चॅनेलचा रिसीव्हर हवा होता, कारण पुढेमागे कमी पडायला नको. त्यासाठी एकूण रकमेतील एक लाख वीस हजार रुपये एकट्या रिसीव्हरवर घालण्याची त्यांची तयारी होती. मुलाला गेमिंग कन्सोल फोर-केमध्ये सेकंदाला १२० चौकटींच्या वेगाने चालवायचा होता आणि त्यामुळे ‘एट-के’ असे छापलेल्या खोक्याखेरीज दुसरे काही त्याला नको होते. त्याच्या आईची अट एवढीच होती की जमिनीवर वायर लोळू नयेत आणि स्पीकरांमुळे केर काढणे अवघड होऊ नये. आजींचे म्हणणे सर्वांत थोडक्यात होते. त्या मुलाला म्हणाल्या, “आवाज मोठा नको रे, शब्द कळू देत.”

हे शेवटचे वाक्य इतरांनी वयाचा भाग म्हणून सोडून दिले होते. वास्तविक संपूर्ण मागणीपत्रातील सर्वांत अचूक तांत्रिक अपेक्षा तीच होती. पडद्यावरील संवाद सुस्पष्ट ऐकू येणे हे सेंटर स्पीकर (पडद्याजवळचा, मुख्यतः संवाद ऐकवणारा मधला स्पीकर), खोलीतील परावर्तन आणि रिसीव्हरमधील ध्वनिजुळणी (मायक्रोफोनने खोली मोजून ध्वनी दुरुस्त करण्याची सोय) या तिन्हींवर अवलंबून असते. वॅटचा आकडा वाढवून ते साधत नाही.

दुसरी अडचण वेळेची होती. पीओपीचे काम पुढच्या आठवड्यात सुरू होणार होते. एकदा फॉल्स सीलिंग लागले आणि भिंतींना पुट्टी झाली की वायर नेण्याचे मार्ग बंद. त्यामुळे रिसीव्हर ठरण्याआधीच स्पीकर कोठे बसणार हे ठरवणे भाग होते. कुटुंबाला हे संकट वाटले, माझ्या मते तो या प्रकरणातील योगायोगाने घडलेला सर्वांत चांगला भाग होता.

खोली काय सांगत होती

मोजमाप घेतल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती सोफ्याविषयी. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल, तर ऐकणाऱ्याच्या मागे स्पीकर ठेवायला जागाच उरत नाही. ७.१ या, म्हणजे सात स्पीकर आणि एका सबवूफरच्या, रचनेत दोन सराउंड स्पीकर बाजूला आणि आणखी दोन पाठीमागे असतात आणि पाठीमागच्या त्या जोडीला ऐकणाऱ्यापासून निदान चार-पाच फूट अंतर मिळाले तरच तिचा उपयोग होतो. येथे कानामागे जेमतेम फूटभर जागा होती. म्हणजे ७.१ बाद झाले आणि त्याबरोबर नऊ चॅनेलच्या रिसीव्हरचे निम्मे समर्थनही गेले.

नऊ चॅनेलचा उरलेला उपयोग म्हणजे ५.१.४, म्हणजे डोक्यावर चार स्पीकर. डॉल्बी अ‍ॅटमॉस ही पद्धत २०१२ मध्ये चित्रपटगृहांत आणि २०१४ पासून घरगुती रिसीव्हरमध्ये आली आणि तिच्यात उंचीवरून येणाऱ्या ध्वनीला स्वतंत्र स्थान असते. चार स्पीकर असतील, तर त्यांपैकी दोन ऐकणाऱ्याच्या पुढे आणि दोन मागे छतात बसवावे लागतात. पुन्हा सोफा भिंतीला टेकलेला असल्याने मागची जोडी भिंतीच्या आत गेली असती. छतातील दोनच स्पीकर, तेही सोफ्याच्या किंचित पुढे, एवढीच या खोलीची कुवत होती. त्या हिशेबाने ५.१.२ ही कमाल रचना ठरली आणि तिला सात चॅनेल पुरतात.

दुसरी गोष्ट घुमण्याची. समोरासमोरच्या दोन लांब भिंतींत साडेअकरा फुटांचे, म्हणजे साडेतीन मीटरचे अंतर आहे. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर या दोन भिंतींत सुमारे ४९ हर्ट्झला उभी लहर तयार होते आणि तिचा दाब भिंतीलगत सर्वाधिक असतो. म्हणजे ज्या जागी चौघे बसणार, तेथेच त्या एका स्वराचा फुगवटा येणार. कोणताही रिसीव्हर घेतला तरी हे भौतिकशास्त्र बदलत नव्हते. सोफा एक फूट पुढे ओढल्याने थोडा फरक पडतो आणि चांगली ध्वनिजुळणी उरलेला फुगवटा बराचसा कापते, म्हणून जुळणीची प्रणाली हा निवडीचा पहिला निकष झाला.

तिसरी गोष्ट कडक पृष्ठभागांची. फरशी, काचेचे दार आणि उघड्या भिंती यांच्यामुळे टाळी वाजवली की खोलीत बारीक झणझणाट ऐकू येत होता. संवाद अस्पष्ट होण्याचे मोठे कारण हेच. बाल्कनीच्या दाराला जाड पडदा आणि सोफ्यासमोर सतरंजीऐवजी जाड गालिचा, एवढे दोन बदल सुचवले. त्यांचा खर्च रिसीव्हरच्या दोन मॉडेलमधील फरकापेक्षा कमी होता.

वॅटचा हिशेब

वडील उत्पादन क्षेत्रातील असल्याने आकड्यांवर त्यांचा विश्वास होता आणि म्हणूनच वॅटचा आकडा त्यांना मागे घ्यायला लावणे सर्वांत अवघड गेले. एका दुकानातील फलकावर एक रिसीव्हर १५० वॅटचा आणि दुसरा ८० वॅटचा लिहिलेला होता. आम्ही दोन्हींची माहितीपत्रके शेजारी ठेवली. पहिल्याचे १५० वॅट ६ ओहमवर, फक्त एक चॅनेल चालू असताना, १ किलोहर्ट्झच्या एकाच स्वरावर आणि १० टक्के विरूपण सहन करून मोजलेले होते. दुसऱ्याचे ८० वॅट ८ ओहमवर, दोन चॅनेल एकत्र चालवून, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ या संपूर्ण पट्ट्यात आणि ०.०८ टक्के विरूपणात मोजलेले होते. मोजण्याची अट सारखी केल्यावर दोघांत सांगण्यासारखा फरक उरला नाही. एके काळी टेपरेकॉर्डरवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॅट छापले जात असत, त्याच परंपरेचा हा सभ्य अवतार आहे.

मग प्रश्न असा की या खोलीत किती वॅट लागतात. निवडीत असलेल्या पुढच्या स्पीकरांची संवेदनशीलता ८७ डेसिबल होती, म्हणजे एका वॅटवर एक मीटरवर ८७ डेसिबल. सोफा सुमारे २.९ मीटरवर आहे. मोकळ्या जागेच्या नियमाने त्या अंतरात साधारण ९ डेसिबल घट धरली, तर सोफ्यावर एका स्पीकरकडून एका वॅटला ७८ डेसिबल मिळतात. बंद खोलीत प्रत्यक्ष घट याहून कमी असते, त्यामुळे हा अंदाज सावध आहे. वॅट दुप्पट केले की ३ डेसिबल वाढतात, म्हणून १६ वॅटला ९० आणि ६४ वॅटला ९६ डेसिबल होतात. चित्रपटांच्या संदर्भपातळीवर एका चॅनेलचे शिखर १०५ डेसिबलपर्यंत जाते हे खरे, परंतु वस्तीतील फ्लॅटमध्ये त्या पातळीवर कोणी ऐकत नाही. हे कुटुंब त्याहून १५ ते २० डेसिबल खाली ऐकणार होते, म्हणजे शिखरही ९० डेसिबलच्या आसपास. शिवाय ८० हर्ट्झखालचे वजनदार स्वर सबवूफरच्या स्वतःच्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जाणार असल्याने रिसीव्हरवरील भार आणखी हलका होणार होता.

या हिशेबानंतर ८० आणि १०० वॅटमधील फरक एका डेसिबलहूनही कमी आहे हे वडिलांनी स्वतः गणकयंत्रावर काढून पाहिले आणि वॅटचा रकाना वहीतून खोडला.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय साउंडबारचा होता आणि तो केवळ शिष्टाचार म्हणून चर्चिला गेला असे नाही. घरात फक्त मालिका, बातम्या आणि अधूनमधून चित्रपट पाहिले जात असते, तर सबवूफरसह मिळणारा चांगला साउंडबार मी बिनदिक्कत सुचवला असता. येथे भिंती उघड्या होत्या, वायर आतून नेता येत होती आणि दहा-बारा वर्षे टिकेल अशी व्यवस्था हवी होती, म्हणून तो मागे पडला.

दुसरा पर्याय तिसऱ्या शयनगृहाचे छोटे थिएटर करण्याचा. दहा बाय अकरा फुटांची, दार बंद होणारी खोली ध्वनीच्या दृष्टीने दिवाणखान्यापेक्षा सोपी होती. मात्र मुलाच्या आईने विचारले, “मग आई एकट्या हॉलमध्ये बसून काय बघणार?” त्या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नव्हते आणि पर्याय तेथेच संपला.

तिसरा पर्याय अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाकडून रिसीव्हर मागवण्याचा. तेथील सवलतीत किंमत बरीच कमी दिसत होती. परंतु तेथील संच १२० व्होल्टवर चालणारा असतो. आपल्याकडील २३० व्होल्टवर तो चालवायचा, तर पुरेशा क्षमतेचा आणि बऱ्यापैकी जड स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर कायमचा जोडून ठेवावा लागतो. कोणी अनवधानाने थेट भिंतीतील सॉकेटमध्ये पिन घातली, तर संच जळतो आणि भारतात त्याची हमी लागू नसते. घरात चार माणसे आणि एक मोलकरीण वावरत असताना ही जोखीम घेण्यात अर्थ नव्हता.

चौथा पर्याय भारतीय हमीचा नऊ चॅनेलचा रिसीव्हर आणि स्वस्त स्पीकर. पाचवा भारतीय हमीचा सात चॅनेलचा मध्यम रिसीव्हर आणि त्यातून वाचलेल्या पैशांत चांगला सेंटर स्पीकर व सबवूफर. खोलीचे मोजमाप झाल्यावर या दोहोंतील निवड जवळपास आपोआप झाली. खरी चर्चा पाचव्या पर्यायातील मॉडेलांवर झाली.

एचडीएमआयचा तिढा

मुलाच्या मागणीत तथ्य होते, पण त्यासाठी सुचवलेला उपाय एकमेव नव्हता. फोर-के १२० चित्र वाहून नेण्यासाठी एचडीएमआय २.१ लागते, ज्याची कमाल क्षमता सेकंदाला ४८ गिगाबिट आहे. आधीच्या २.० मध्ये ती १८ गिगाबिट होती. घरातील टीव्हीला २.१ ची दोनच पोर्ट होती आणि त्यांपैकी एक ई-आर्कचेही (टीव्हीतला ध्वनी रिसीव्हरकडे परत नेणाऱ्या जोडणीचे) होते. म्हणजे रिसीव्हर ई-आर्कवर लावला की कन्सोलसाठी वेगवान पोर्ट एकच उरत होते. एकच कन्सोल असल्याने तेवढे पुरणार होते.

कन्सोल थेट टीव्हीला जोडायचा आणि ध्वनी ई-आर्कमार्गे रिसीव्हरकडे परत आणायचा, असे केले तर रिसीव्हरमध्ये २.१ असण्याची गरजच राहत नाही. यात ई-आर्क आवश्यक आहे, साधे आर्क चालत नाही. ओटीटी सेवांवरील अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये दाबून येते आणि ते साध्या आर्कवरूनही जाते. कन्सोलमधून येणारा न दाबलेला बहुचॅनेल पीसीएम ध्वनी मात्र आर्कमध्ये मावत नाही, त्याला ई-आर्कचा रुंद मार्ग लागतो. ऑप्टिकल वायरीची मर्यादा याहूनही अरुंद असून डॉल्बी डिजिटल प्लसदेखील तिच्यातून जात नाही. त्यामुळे ‘ऑप्टिकल आहे की’ या विक्रेत्याच्या आश्वासनावर ही बाब सोडणे योग्य नव्हते.

शेवटी निवडलेल्या रिसीव्हरमध्ये २.१ ची तीन पोर्ट होतीच, कारण त्या किमतीत ती आता सहज मिळतात. मात्र ती आहेत म्हणून संच निवडला गेला नाही. मुलाला हे पटायला वेळ लागला. ‘एट-के’ या शिक्क्यासाठी जास्तीचे पंचवीस हजार मोजण्याऐवजी तेच पैसे दहा इंचीऐवजी बारा इंची सबवूफरकडे वळवता येतात, हे कळल्यावर त्याने वाद थांबवला.

निवड आणि खरेदी

यादी तीन संचांवर आली. तिन्ही सात चॅनेलचे, ई-आर्क असलेले आणि भारतीय हमीचे. फरक होता तो ध्वनिजुळणीत. डेनॉन आणि मरांट्झ ऑडिसी वापरतात, यामाहाची स्वतःची वायपाओ आहे, तर ओन्क्योच्या अनेक मॉडेलमध्ये डिराक मिळते. नावापेक्षा दोन गोष्टी तपासणे उपयोगी ठरले: प्रणाली सबवूफरच्या पट्ट्यात दुरुस्ती करते का आणि किती जागांवर मायक्रोफोन ठेवून मोजता येते. स्वस्त संचांत जुळणी असते, पण ती अनेकदा अंतर आणि पातळी एवढेच जुळवते. ४९ हर्ट्झचा फुगवटा कापायचा असलेल्या घरात त्याचा उपयोग नव्हता.

महात्मा गांधी रोडवरील एका दुकानात प्रात्यक्षिक ठरले. अशा ठिकाणी स्फोट आणि हेलिकॉप्टर असलेली चित्रफीत लावली जाते आणि तिच्यावरून सगळेच संच भारी वाटतात. आजींना सोबत नेले होते. त्यांच्यासाठी मराठी बातम्यांचे निवेदन आणि एका नाटकाचे ध्वनिमुद्रण लावायची विनंती केली. दुकानदार प्रथम नाखूश झाला, नंतर त्यालाही गंमत वाटू लागली. दोन संचांची तुलना करताना दोन्हींची पातळी मोबाइलमधील मापकाने सारखी करून घेतली, कारण एका डेसिबलने मोठा असलेला संच कानाला ‘अधिक चांगला’ वाटतो आणि ग्राहक फसतो. पातळी सारखी केल्यावर दोन रिसीव्हरमधील फरक कोणालाच सांगता येईना. दोन सेंटर स्पीकरमधील फरक मात्र आजींनी पहिल्याच वाक्याला सांगितला.

त्या दिवशी पैशांची वाटणी कायम झाली. सुमारे पासष्ट हजार रुपये रिसीव्हरला, उरलेल्यातील मोठा वाटा पुढच्या तीन स्पीकरांना आणि सबवूफरला, सराउंडला लहान स्पीकर आणि बाकी वायर व ब्रॅकेटला. पुढचे तिन्ही स्पीकर एकाच मालिकेतील घेतले, म्हणजे पडद्यावर एका बाजूकडून दुसरीकडे जाणाऱ्या आवाजाचा पोत बदलत नाही. मुंबईतील लॅमिंग्टन रोडवर हाच रिसीव्हर थोडा स्वस्त मिळत होता. तरीही खरेदी नाशिकमध्येच केली, कारण बिघाड झाल्यास संच दुकानात नेऊन देता येईल आणि पुढे सेवा केंद्रापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी दुकानदार घेईल, हे त्याने बिलावर लिहून दिले.

प्रत्यक्ष काम

वायरचा मार्ग खरेदीच्या आधीच तयार झाला होता. वायरमनने भिंतीत खाच पाडून पीव्हीसी पाइप टाकले आणि मागच्या भिंतीवर सोफ्याच्या दोन्ही टोकांपलीकडे, जमिनीपासून साडेपाच फुटांवर सराउंडची टोके काढली. बाजूला भिंत नसल्याने सराउंड मागच्या भिंतीवरच बसवून ब्रॅकेटने आत वळवणे, हीच तडजोड शक्य होती. छतातील दोन जागांसाठीही वायर ओढून पीओपीच्या वर गुंडाळून ठेवली आणि सीलिंग लावण्यापूर्वी प्रत्येक टोकाशेजारी टेप धरून छायाचित्रे काढली.

वायर दीड चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची घेतली. सर्वांत लांब मार्ग १२ मीटरचा होता, म्हणजे जाऊन-येऊन २४ मीटरला सुमारे ०.२७ ओहम रोध, आणि ६ ओहमच्या स्पीकरला तो पाच टक्क्यांच्या आत बसतो. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर त्याच जाडीत निम्म्या किमतीला मिळते. तिचा रोध बराच जास्त असतो आणि भिंतीत पुरल्यावर ती बदलता येत नाही, म्हणून तेथे काटकसर केली नाही.

सुताराने काढलेल्या आराखड्यात रिसीव्हरसाठी काचेच्या दाराचा, पाठ बंद असलेला आणि १४ इंच खोल कप्पा होता. मागच्या वायरींची वळणे धरली, तर एवढी खोली पुरत नाही. शिवाय अशा बंद कप्प्यात, तेही नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये, रिसीव्हर स्वतःच्याच उष्णतेत शिजतो आणि संरक्षणासाठी बंद पडतो. आराखडा बदलून १८ इंच खोल, पाठ उघडी आणि वर सहा इंच मोकळी जागा असलेला कप्पा केला. काचेचे दार गेल्याबद्दल सुताराने शेवटपर्यंत नाराजी व्यक्त केली.

विजेच्या बाबतीत एकच सूचना होती आणि ती काटेकोरपणे पाळली: रिसीव्हर व सबवूफर घरातील इन्व्हर्टरच्या जोडणीवर नकोत. घरातील जुना इन्व्हर्टर चौकोनी लहरीची वीज देत होता, तिने अ‍ॅम्प्लिफायर गुणगुणतो आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर तापतो. त्यासाठी स्वतंत्र सॉकेट काढून त्याचे अर्थिंग तपासले.

स्पीकर बसल्यावर जुळणीसाठी दुपारची वेळ निवडली. पंखे आणि फ्रिज बंद केले, मायक्रोफोन ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून थोडा पुढे ठेवला आणि तीन बैठकांच्या आसपास आठ जागी मोजमाप घेतले. सबवूफरची जागा त्याआधी उलट्या पद्धतीने शोधली होती: सबवूफर सोफ्यावर ठेवून मुलगा भिंतीलगत रांगत फिरला आणि जेथे स्वर सर्वांत एकसारखे ऐकू आले, तेथे त्याची कायमची जागा ठरवली. हा प्रकार पाहून आजींनी विचारलेले प्रश्न येथे देता येणार नाहीत.

परिणाम

जुळणीनंतर रिसीव्हरने पुढचे स्पीकर ‘लार्ज’, म्हणजे खर्जाचे स्वरही स्वतःच वाजवणारे, ठरवले होते. ते बदलून सर्व ‘स्मॉल’ केले आणि ८० हर्ट्झखालचा पट्टा सबवूफरकडे दिला. सबवूफरचे अंतर प्रत्यक्षापेक्षा तीन-चार फूट जास्त दाखवले जात होते. ते वडिलांना टेप लावून दुरुस्त करायचे होते, पण तो आकडा सबवूफरमधील विद्युतमंडलाच्या विलंबासह असतो, म्हणून तसाच ठेवला. सेंटरची पातळी दोन डेसिबलने वाढवली. रात्रीसाठी मोठ्या-लहान आवाजांतील तफावत कमी करणारी सोय चालू करण्याचे बटण आजींना दाखवले.

पहिल्याच आठवड्यात एक बारीक गुणगुण ऐकू येऊ लागली. एकेक जोडणी काढून पाहिल्यावर ती केबल टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सच्या वायरीतून येत असल्याचे आढळले. बाहेरून आलेल्या केबलचे अर्थिंग आणि घरातील अर्थिंग यांत फरक असल्याने वर्तुळ तयार झाले होते. केबलमध्ये आयसोलेटर बसवल्यावर ती थांबली. रिसीव्हर सदोष आहे असे समजून तो परत करण्याची तयारी झाली होती, हे नमूद करायला हवे.

संवाद स्पष्ट झाले आणि आवाज पूर्वीपेक्षा कमी ठेवला जाऊ लागला, हा या कामाचा सर्वांत ठोस परिणाम. खालच्या मजल्यावरील कुटुंबाने सुरुवातीला सबवूफरविषयी तक्रार केली. त्याखाली जाड रबरी पट्टी घालून आणि रात्री दहानंतर त्याची पातळी उतरवून ती मिटली.

काय वेगळे करता आले असते

दुसऱ्या सबवूफरसाठी पाइप टाकला नाही, ही उणीव आता जाणवते. जुळणीने मधल्या बैठकीवरील फुगवटा चांगला कापला, पण सोफ्याच्या जेवणाच्या जागेकडील टोकाला मंद्र स्वर अजूनही पातळ लागतात. तीन बैठकांत एकसारखेपणा आणायला समोरासमोर ठेवलेले दोन मध्यम सबवूफर एका मोठ्यापेक्षा सरस ठरतात. भिंत उघडी असताना एक रिकामा पाइप टाकण्याचा खर्च नगण्य होता.

पडदा आणि गालिचा जुळणीनंतर आले, आधी यायला हवे होते. ते आल्यावर जुळणी पुन्हा करावी लागली.

छतातील दोन स्पीकरांचा निर्णय अजून लटकला आहे आणि त्याचे कारण कोणाच्याही आराखड्यात नव्हते. सात चॅनेलपैकी दोन रिकामे असल्याने मुलाने त्यांवर स्वयंपाकघराशेजारी दोन लहान स्पीकर ‘झोन २’, म्हणजे घरातील दुसऱ्या जागेसाठीचा स्वतंत्र ध्वनी, म्हणून जोडले. रिसीव्हरमध्ये एफएम रेडिओ आहे. सकाळी टीव्ही बंद असताना आजी तेथे आकाशवाणी ऐकतात आणि ही सोय घरात सर्वांत नियमित वापरली जाते. या संचात ते दोन चॅनेल एकतर छताला किंवा झोन २ ला देता येतात, दोन्हींना एकत्र नाही. छताला दिले तर स्वयंपाकघराचा रेडिओ बंद होतो. झोन २ साठी प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्प्लिफायरला ध्वनी देणारी जोडणी) उपलब्ध असल्याने एक छोटा स्वतंत्र स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर घेऊन हा पेच सुटू शकतो आणि त्याचा खर्चही माफक आहे, मात्र तो ठेवायला स्वयंपाकघराच्या बाजूला सुताराने जागा ठेवलेली नाही. मुलगा सुट्टीत आल्यावर भांड्यांच्या मांडणीवरचा कप्पा मोकळा करता येईल का ते पाहणार आहे. तोवर छतातील वायर पीओपीच्या वर गुंडाळलेलीच राहणार आहे.